नाडीखालची रेघ

लोक काश्मीरला जातात, केरळला जातात, अगदीच हात मोकळे असले तर दुबईला जाऊन येतात आणि परत आल्यावर चाळीस पानं लिहितात. मी भोकरहून नांदेडला, तिथून चाकूरला आणि चाकूरहून लातूरला जाऊन आले. वाटेत ना बर्फ दिसला, ना उंट. तरी लिहायला बसले आहे, कारण या कामासाठी गेलेल्या बायका परत आल्यावर तोंड उघडत नाहीत आणि ज्यांना जायचं असतं त्यांना वाटेत काय काय लागतं हे कळत नाही. मी माझं पोट दुरुस्त करून घ्यायला गेले होते.

पोट दुखत नव्हतं. ते दिसायला वाईट झालं होतं. एवढ्याशा कारणासाठी एक्कावन्न वर्षांची, दोन लेकरांची आई, शाळेत मराठी शिकवणारी बाई घराबाहेर पडते हे ऐकून आमच्याकडं लोक आधी हसतात आणि मग विषय बदलतात.

झालं होतं असं. तीन वर्षांपूर्वी माझ्या डाव्या स्तनात गाठ निघाली. स्तन काढला, औषधं झाली, केस गेले, केस परत आले. वर्षभरानं एका मोठ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात मला नवा स्तन बनवून दिला. तो माझ्याच पोटाचा. बेंबीच्या आसपासची आणि खालची कातडी चरबीसकट उचलली, छातीवर बसवली, रक्ताच्या बारीक नळ्या जोडल्या आणि वरच्या पोटाची कातडी खाली ओढून शिवून टाकली. छातीचं काम उत्तम झालं. पोटाकडं बघायला मात्र कुणाला सवड झाली नसावी. या कुशीपासून त्या कुशीपर्यंत टाक्यांची रेघ, तीही डावीकडं वर चढलेली. दोन्ही टोकांना मांसाच्या चुण्या. बेंबी मधोमध असते अशी माझी समजूत होती, ती उजवीकडं सरकली होती. डावीकडं खाली एक फुगवटा होता.

हे सगळं पदराआड सहज झाकलं असतं. पण पदर साडीला असतो आणि साडी नाडीवर उभी असते. परकराची नाडी नेमकी त्या रेघेवर बसायची. घट्ट बांधली की आग व्हायची, सैल बांधली की फुगवट्यावरून घसरायची. एकदा सातवीच्या वर्गात फळ्यावर समास लिहीत असताना माझ्या निऱ्या सुटल्या. पोरींनी क्षणात माझ्याभोवती कडं केलं आणि एकीही हसली नाही. हसल्या असत्या तर मी रागावून मोकळी झाले असते. त्या हसल्या नाहीत म्हणून घरी येऊन रडले. त्या दिवसापासून मी ढगळ ड्रेस घालायला लागले, लग्नांना आणि हळदीकुंकवांना जायचं बंद केलं. मला पुन्हा साडी नेसायची होती, माझ्या पद्धतीनं. दुसरं काही नको होतं.

आमच्या ह्यांचं बियाणांचं दुकान आहे आणि पेरणीचे दिवस तोंडावर आले होते, त्यामुळं सोबतीला त्यांच्या थोरल्या बहिणीला, चाकूरच्या अक्कांना बोलावून घेतलं. अक्का त्रेसष्ट वर्षांच्या आहेत. त्यांना जगातल्या सगळ्या गोष्टींवर मत आहे आणि ते त्या बसमधल्या शेवटच्या सीटपर्यंत ऐकू जाईल अशा बेतानं सांगतात.

नांदेड

भोकरला बस भरलेली होती. एका पोरीनं माझ्या पोटाकडं बघितलं आणि झटकन उठून उभी राहिली.

"बसा मावशी. दोन जिवाच्या हाव तुम्ही."

अक्कांनी तोंडाला पदर लावला. मी खुशाल बसले. पन्नाशीनंतर नांदेडपर्यंत बसायला जागा मिळत असेल तर खुलासे करत बसू नये असं माझं मत आहे.

नांदेडच्या दवाखान्यातले डॉक्टर वयानं मोठे, नावाजलेले. त्यांनी आधी छाती पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला. "वा! काय काम केलंय!" त्यांनी शेजारच्या खोलीतून दोन शिकाऊ डॉक्टरांना हाक मारली. तेही वा वा म्हणाले. एकानं मान तिरकी करून पाहिलं, दुसऱ्यानं वहीत काही लिहिलं. तिघंही इतके रंगले होते की चहा मागवतात की काय असं मला वाटलं.

"सर, पोट," मी म्हणाले.

"पोटाचं काय?"

मी रेघ दाखवली, चुण्या दाखवल्या, साडीची अडचण सांगितली. डॉक्टरांनी घड्याळाकडं पाहिलं.

"बाई, जीव वाचला, देवाचे आभार माना. लेकरं मोठी झाली ना? मग आता या वयात पोट कुणाला दाखवायचंय?"

'आत्ता तुम्हा तिघांना दाखवतेच आहे की,' हे उत्तर मला सुचलं, पण ते दाराबाहेर चपला घालताना. वर्गात चाळीस पोरांना गप्प करणारी मी, डॉक्टरपुढं मात्र 'बरं सर' म्हणून उठले होते.

"डॉक्टर बरोबरच बोलायलेत," अक्का जिन्यातच सुरू झाल्या. "माझा भाऊ काही म्हणतोय का तुला पोटावरून? न्हाई ना? मग कशाला ही तकलीफ?"

मागून खोलीतल्या नर्सबाई पायऱ्या उतरून आल्या. इकडं तिकडं पाहत हळूच म्हणाल्या, "लातूरला एक डॉक्टरीणबाई हाय. ती पोटाचं इचारते." त्यांनी एका चिठ्ठीवर नंबर लिहून दिला. मनातल्या मनात मी त्या बाईंना आणखी काय काय दिलं ते सांगत नाही.

दुपारी गुरुद्वाऱ्यात लंगरला बसलो. तिथं पोळीला 'परशादा' म्हणतात आणि ती ओंजळ करून घ्यावी लागते. आमच्याकडं वाढणारा आग्रह करतो आणि मनातल्या मनात पोळ्या मोजतो. इथं आग्रहही नाही आणि मोजणंही नाही, हात पुढं केला की पोळी येते. मांडी घातल्यावर माझी रेघ ताणली जात होती, म्हणून एक पाय लांब करून बसले. समोरच्या म्हाताऱ्या सरदारजींनी पाहिलं आणि न बोलता आपलं ताट थोडं मागं ओढून माझ्या पायाला जागा करून दिली. त्या दिवशी नांदेडमध्ये माझी अडचण विनाचौकशी समजलेला हा एकच माणूस.

चाकूर

अक्कांच्या घरी मुक्काम. अक्कांनी येसराची, म्हणजे भाजलेल्या डाळी-धान्यांच्या मसाल्याच्या पिठाची, आमटी केली होती, वर धपाटे आणि दही. चाकूरची येसर आमटी दाट आणि झणझणीत असते. आमच्या भोकरला तेलंगण जवळ, त्यामुळं आम्ही चिंचेला हात आखडत नाही आणि भातही जास्त खातो. हे मी बोलून दाखवलं तर अक्का म्हणाल्या, "म्हणूनच तुमच्याकडली माणसं आंबट." वाद तिथंच मिटला आणि मी तीन धपाटे खाल्ले.

पोटाची छाती केलेली बाई आली आहे ही बातमी गल्लीत आमच्याआधी पोचलेली असावी. संध्याकाळपर्यंत सात-आठ बायका येऊन गेल्या. आमच्याकडं आजाऱ्याला भेटायला जाताना तोंड उतरवून जायची रीत आहे. पण या बायकांना उत्सुकता आवरत नव्हती, त्यामुळं दुःख चेहऱ्यावर टिकत नव्हतं.

"हे पोटाचंच मांस हाय म्हणता," शेजारच्या कमलबाई म्हणाल्या, "मग जेवल्यावर ते फुगतं का?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. पुढं लातूरच्या डॉक्टरीणबाईंना मी ही गंमत सांगितली तर त्या गंभीरपणे म्हणाल्या, "जेवल्यावर नाही, पण वजन वाढलं की वाढतं. चरबी पोटाचीच ना, ती आपला स्वभाव सोडत नाही." कमलबाईंना मी परत जाऊन तसं कळवलं. त्या आता गल्लीत डॉक्टरकीवरही बोलतात.

मी लातूरला फोन लावला. पलीकडून वेळ मिळाली आणि एक विचित्र सूचनाही. येताना रोज वापरता तो परकर सोबत आणा.

मी जुना, धुऊन धुऊन विटलेला परकर पिशवीत भरला. अक्कांनी तो बाहेर काढला.

"हे घेऊन डॉक्टरकडं जाणार? घराण्याची काही इज्जत?" त्यांनी ट्रंकेतून कोरा, खळ न गेलेला परकर काढला. "हा घे. अन् नीट वर बांध. चार माणसांत बांधतो तसा."

इथं मी शहाणपणा करायला हवा होता. पण नणंदेसमोर शहाणपणा करायची सवय लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यातच मोडलेली असते.

लातूर

लातूरला उतरलं की आधी गुणवंत दिसतात. जिकडं बघावं तिकडं शिकवणीच्या वर्गांचे फलक आणि त्यांवर हसणारी पोरं, खाली मार्क. या गावाचा सुधारणेवर गाढ विश्वास आहे. कसलंही पोर आणा, आम्ही डॉक्टर करून दाखवतो. मला वाटलं, इथंच आपल्या पोटाचं काही होऊ शकेल.

डॉक्टरीणबाई पस्तिशीच्या, उदगीरच्या. आवाज बारीक, पण प्रश्न नेमके. त्यांनी छाती पाहिली, "छान आहे" म्हणाल्या आणि सरळ पोटावर आल्या. मग मी दोन वर्षं ज्याची वाट पाहत होते तो प्रश्न त्यांनी विचारला.

"तुम्ही साडी कुठं बांधता?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या दवाखान्यांत, इतक्या कागदांवर, हे मला कुणी विचारलं नव्हतं. वजन, उंची, पाळी, मामा-मावशीचे आजार सगळं विचारून झालं होतं.

"दाखवा बांधून."

मी पडद्याआड गेले, तो कोरा परकर घातला आणि बेंबीच्या दोन बोटं वर, सासरच्या कार्याला बांधते तसा नीट बांधून बाहेर आले. डॉक्टरीणबाई पेन घेऊन खाली बसल्या. उभ्या राहा, बसा, वाका, वळा. नाडीखाली एक खूण केली.

"रोज इथंच?"

"हो," मी म्हणाले.

"इथंच," अक्का म्हणाल्या. "आमच्या घरातल्या बायका इथंच बांधतात."

डॉक्टरीणबाईंनी नाडी सोडायला सांगितली आणि बोटानं पोट चाचपत राहिल्या. "नाडीचा वण कुठंय?"

तीस वर्षं एकाच जागी नाडी करकचली की तिथं काळपट पट्टा पडतो, साडी नेसणाऱ्या प्रत्येक बाईला असतो. माझ्या पोटावर तो नव्हता.

"गेला असेल ऑपरेशनात," मी म्हणाले.

"गेला, पण कुठं गेला?" त्यांनी माझ्या छातीवरचा कपडा बाजूला केला. नव्या स्तनावर एक बोटभर रुंदीचा काळपट पट्टा आहे, जरा तिरका. मी त्याला रोज पाहत होते आणि ऑपरेशनचा डाग समजत होते.

"हा काय! पोटाबरोबर वर आलाय."

आम्ही तिघीही त्याच्याकडं बघत राहिलो. मग डॉक्टरीणबाई पुढचं बोलल्या, तेव्हा त्यांना हसू आवरत नव्हतं. "वरच्या पोटाची कातडी अजून पोटावरच आहे, खाली ओढलेली. तुम्ही नाडी बेंबीच्या वर बांधत असता तर वण पोटावरच राहिला असता. छातीवर आलाय, म्हणजे नाडी बेंबीच्या खाली होती. चांगली तीन-चार बोटं."



"बेंबीच्या खाली?" अक्का म्हणाल्या. "मास्तरीण असून?"

माझ्याच छातीनं माझ्याविरुद्ध साक्ष दिली होती. आधी लाज वाटली, मग राग आला, मग जे वाटलं त्याला काय म्हणावं कळत नाही, पण मी हसायला लागले. "हो, खाली. लग्न झाल्यापासून. पदर असतो, कुणाला दिसत नाही. मला तसं आवडतं."

"बरं झालं कळलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी केलेली खूण पुसून टाकली. "तुमच्या या नव्या परकराच्या हिशेबानं रेघ आहे तिथं ठेवून मी फक्त टोकं आणि फुगवटा नीट केला असता. तुम्ही घरी जाऊन आपल्या जागी नाडी बांधली असती, की पुन्हा रेघेवरच."

घराण्याच्या इज्जतीपायी माझ्या पोटाचं दुसरं ऑपरेशनही वाया जायच्या बेतात होतं. अक्का खिडकीतून बाहेरचे गुणवंत बघायला लागल्या.

मग डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. रेघ खाली घेऊ, नाडीच्या खाली. पोटाचा पडदा आतून शिवून जाळी लावू, म्हणजे फुगवटा बसेल. टोकांच्या चुण्या काढू, बेंबी मध्ये आणू. "पण रेघ पुसली जाणार नाही. बधिरपणा थोडा राहील. पूर्वीचं पोट परत देते असं मी कबूल करत नाही." मला त्यांचं हे न कबूल करणं सगळ्यात आवडलं.

बाहेर येऊन ह्यांना फोन लावला.

"आता दुसरं ऑपरेशन कशाला? नुसतं दिसण्यासाठी? लोक काय म्हणतील?"

मी उत्तर द्यायच्या आत अक्कांनी फोन हिसकला. "अरे, हर्निया हाय तिला."

"हर्निया?" ह्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "मग करायलाच पाहिजे. मी येतो."

हा शब्द म्हणजे आमच्याकडं सगळी दारं उघडणारी किल्ली आहे. हर्निया म्हटलं की नवरा येतो, शाळा रजा देते, जावा डबे पाठवतात. आपलं पोट आपल्याला बरं दिसावं असं म्हटलं की तीच माणसं तोंडाकडं बघत राहतात. अडचण एवढीच होती की मला हर्निया नव्हता. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, आतडी जागच्या जागी आहेत, पडदा नुसता सैल पडलाय, त्यानं जिवाला धोका नाही.

दाखल व्हायच्या दिवशी हे आले. टेबलावरच्या बाईंनी संमतीपत्र माझ्यापुढं सरकवलं. त्यात एक ओळ होती, 'रुग्णाच्या शब्दांत शस्त्रक्रियेचे कारण'. खाली नातेवाइकाची सही.

"लिही की हर्निया," हे म्हणाले. अक्काही मान हलवत होत्या.

मी पेन धरून बसले. तीस वर्षं मी पोरांना सांगत आले की उत्तर स्वतःच्या शब्दांत लिहा, गाईडातलं उतरवू नका. माझ्या आयुष्यात स्वतःच्या शब्दांत लिहा असं सांगणारा हा पहिला सरकारी-बिनसरकारी कागद आणि मी त्यात दुसऱ्याचा शब्द उतरवणार होते.  मी लिहिलं, 'मला माझं पोट आवडावं आणि साडी माझ्या जागी नेसता यावी म्हणून.'

ह्यांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. मला वाटलं, आता उठून जातील.

"शुद्धलेखन बरोबर आहे," हे म्हणाले आणि सही केली. भोकरला मात्र सगळ्यांना त्यांनी हर्नियाच सांगितलं.

ऑपरेशनचं वर्णन गाळते. प्रवासात लेखक ज्या भागात झोपलेला असतो त्याबद्दल त्यानं लिहू नये.

पुन्हा लातूर

सहा आठवडे पट्टा बांधला, खोकताना पोटाला उशी दाबून धरली, वाकायचं म्हटलं की आईची आठवण काढली. तीन महिन्यांनी तपासणीला लातूरला गेले. सोबत अक्का होत्याच. या खेपेला पिशवीत विटका परकर होता आणि अक्कांनी तो बाहेर काढला नाही.

पोट काही पुन्हा वीस वर्षांचं झालेलं नाही. डाव्या टोकाला चुणीचा एक तुकडा उरलाय, रेघेखाली हात लावला तर दुसऱ्याच्या अंगाला लावल्यासारखा वाटतो. पण बेंबी मधे आहे, फुगवटा गेलाय. मी माझ्या जागी नाडी बांधली, साडी नेसले, डॉक्टरीणबाईंनी खाली वाकायला लावलं, जिना चढायला लावला. निऱ्या हलल्या नाहीत. इतका आनंद मला स्तन परत मिळाला तेव्हाही झाला नव्हता, हे खरं तेच सांगते.

"आता वर्षानं या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मी पिशवी उचलली. अक्का स्टुलावरून उठल्या नाहीत.

"चला अक्का, बस जाईल."

"जाऊ दे. ते दार लाव जरा."

मी दार लावलं. अक्कांनी पदर बाजूला केला, नाडी सैल केली आणि आतून चौघडी घातलेलं एक फडकं काढून मांडीवर ठेवलं. फडक्याच्या जागी, बेंबीच्या जरा खालून सरळ उतरलेला, बोटभर लांब, जाड, लालसर वण उठलेला होता. इतक्या वर्षांत मी त्यांचं पोट कधी पाहिलं नव्हतं.

"धाकटा झाला तवा पोरं बंद करायच्या ऑपरेशनच्या शिबिराला नेलं आम्हाला, टेम्पोत घालून," अक्का खाली बघत म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज शेजारच्या खोलीत जाणार नाही इतका लहान होता. "टाके घातले, घरी पाठवलं. त्याच्यावर नाडी बसली की आग उठती. म्हणून वर बांधायले, अन् फडकं घालायले. नवऱ्याला बी म्हाईत न्हाई. होईल का काही ह्याचं?"

घराण्याच्या बायका वर का बांधतात ते मला त्या वेळी कळलं.  मी नुसता त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांनी तो झटकला नाही.

डॉक्टरीणबाई पेन घेऊन त्यांच्यासमोर खाली बसल्या. "होईल. तुम्ही साडी कुठं बांधता?"

"कुठं बांधते ते नका इचारू," अक्का म्हणाल्या. "कुठं बांधायची व्हती ते इचारा."

आणि त्यांनी बेंबीच्या चार बोटं खाली, बरोबर माझ्याच जागी, बोट ठेवलं.